पळीभर सोवळं

इस्पितळाचे सेक्रेटरी सीतारामराव तीन दिवसांच्या परिषदेला मद्रासला गेले आणि येताना दोन परक्या वस्तू घेऊन आले. एक छत्री आणि एक शब्द. छत्री कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. शब्द होता 'धोका'. इस्पितळात धोके असतात, ही गोष्ट पापनाशमला तहसीलदार म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना साठी उलटल्यावर कुणीतरी इंग्रजीतून सांगितली, आणि ते मोहरून गेले.

"वेंकूबाई," ते म्हणाले, "धोका दिसला की त्याच्यासमोर एक नाव लिहायचं. नाव लिहिलं की निम्मा धोका गेलाच म्हणून समजा."

"आणि उरलेला निम्मा?"

"तो त्या नावाचा."

वेंकूबाई त्या इस्पितळाची मेट्रन. बाविसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी तिला देवघराचा कोपरा दाखवला होता. ती मद्रासला जाऊन नर्सिंग शिकून आली आणि त्यानंतरची सव्वीस वर्षं याच वॉर्डांतून चालत होती. तिला माणसांची खतावणी ठेवायची खोड होती. कागदावर नव्हे, डोक्यात. प्रत्येकाचं एक पान. डावीकडे माणूस बोलतो काय, उजवीकडे करतो काय. सीतारामरावांच्या पानाची डावी बाजू कधीच भरून वाहायला लागली होती. उजव्या बाजूला ठळक अशी एकच नोंद होती, छत्रीची.

तंजावरच्या मेल वीदी या रस्त्याच्या टोकाला असलेलं 'राजलक्ष्मी धर्मार्थ इस्पितळ' तंजावरी मराठी घरांनी वर्गणी काढून उभं केलेलं. तीस खाटा. पुरुषांचा वॉर्ड, बायकांचा वॉर्ड, मागच्या अंगणापलीकडे बाळंतिणींचा, आणि दर्शनी बाजूला ऐपतदारांसाठी दोन खोल्या. परिषदेनंतर महिन्याभरात सेक्रेटरींच्या खोलीबाहेर एक काळा तक्ता लागला. कीळ वासलच्या पेंटरनं पांढऱ्या रंगात तीन रकाने काढले: धोका, खबरदारी, जबाबदार. खाली तेवीस ओळी, तमिळमध्ये आणि इंग्रजीत.

जिन्यावरून पाय घसरणं: वॉचमन. औषधाची बाटली बदलणं: कंपाउंडर. सुई मोडणं: ड्यूटीवरची नर्स. पाल पडणं: स्वयंपाकी. वेंकूबाईनं तक्ता वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. डॉक्टरांना यायला अकरा वाजतात, हा धोका त्यात नव्हता. ऑपरेशनच्या खोलीचं छत गळतं आणि कमिटी तीन वर्षं चर्चा करते, हाही नव्हता. तेवीस नावांत इस्त्रीचं धोतर नेसणारा एकही इसम नव्हता.

"फार छान रंगवलाय," ती म्हणाली. सीतारामराव खूश झाले. स्तुती कशाची आहे हे बघायची त्यांना नोकरीत कधी सवयच लागली नव्हती.

अकरावी ओळ पाण्याची होती. 'दूषित पाणी. वीस मिनिटं खळखळा उकळणे. अलमेलु, आया.' अलमेलु कुंभारआळीतली, तिशीची, नवरा सिलोनला गेला तो गेलाच. दोन मुलींना घेऊन ती इस्पितळाच्या मागं धोबीखोलीशेजारच्या खोलीत राहत होती. नोकरी गेली की खोलीही जाणार, असा करार. रोज तीन वेळा ती पाणी उकळी आणि रजिस्टरात अंगठा उठवी. महिनाभरात तिचा अंगठा असा निळा झाला की तो खोबऱ्यानं घासूनही जाईना. मुली तिला चिडवत, आईनं नीलकंठाला हात लावला म्हणून.

पाणी खरंच उकळलं जात होतं. हे वेंकूबाईला ठाऊक होतं, कारण ती अंगठा बघत नसे, चूल बघत असे.

एवढ्यावर सगळं सुरळीत चाललं असतं. पण माशीला शिंकायला निमित्त लागत नाही, आणि सीतारामरावांच्या थोरल्या आत्याला, शेषम्माला, रुसायला. पंच्याऐंशीच्या शेषम्मा ओसरीच्या पायरीवरून पडल्या, खुबा मोडला आणि पहिल्या नंबरच्या खोलीत येऊन पडल्या. तिथं त्यांनी पाण्याचा पेला हातानं बाजूला सारला.

"हे कोणी तापवलं?"

"अलमेलुनं," वेंकूबाई म्हणाली.

"कोण अलमेलु? आपल्यातली?"

"नाही, आत्याबाई. पण पाणी वीस मिनिटं उकळलंय."

"सीतू!" शेषम्मांनी भाच्याला हाक मारली. सीतू एकसष्ट वर्षांचे होते आणि दाराशी हात जोडून उभे होते. "उकळून तुझे ते जंतू मरत असतील. विटाळ कसा मरेल रे? तो काय पाण्यात पोहतो?"

दोन दिवस त्या दुधावर राहिल्या. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. दर शनिवारी चारला कमिटी बसे. कमिटी म्हणजे सीतारामराव, डॉक्टर गोपालकृष्ण, पितळी डवरा-पेल्यांतून कापी आणि परातभर तळलेले बोंडे. मेट्रननं उत्तरं द्यायला उभं राहायचं, असा नियम. त्या शनिवारी सीतारामरावांनी स्वतःच्या सुरेख अक्षरात ठराव क्रमांक सदतीस लिहिला: रुग्णांच्या धार्मिक भावना लक्षात घेऊन, उकळलेलं पाणी निवल्यावर प्रत्येक हंड्यात जयतीर्थ यांनी सोवळ्यात विहिरीचं पाणी काढून पळीनं घालावं, म्हणजे ते शुद्ध होईल. मांडणार सीतारामराव, अनुमोदन डॉक्टर गोपालकृष्ण.

जयतीर्थ म्हणजे इस्पितळाचा आचारी आणि फाटकातल्या पिळ्ळैयारचा, म्हणजे गणपतीचा, पुजारी. त्याची पळी आचमनाची नव्हे, सांबाराची होती. लांब दांड्याची, पितळी, चांगलं पावशेर पाणी मावेल अशी.

"उकळलेल्या पाण्यात कच्चं पाणी घालायचं?" वेंकूबाईनं विचारलं.

"कच्चं कोण म्हणतो? सोवळ्याचं आहे."

वेंकूबाईनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर गोपालकृष्णांकडे दोन पदव्या होत्या आणि दोन्ही त्यांच्या नावामागं छापलेल्या होत्या. पण त्या वेळी ते कापीतला फेस अशा बारकाईनं पाहत होते की रोग्याची जीभही त्यांनी कधी तशी पाहिली नसेल.

"डॉक्टर, आपण काय म्हणता?"

"पळीभरच ना," डॉक्टर फेसाला म्हणाले.

"मग पळीला तक्त्यात ओळ द्या. नाव घाला समोर."

"अहो वेंकूबाई," सीतारामराव हसले, "तक्ता धोक्यांचा आहे. हा तर उपाय झाला!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून ओलेत्या धोतरानं जयतीर्थ विहिरीवरून येऊ लागला. पळी एक ठरली होती, पण तो तीन घाली. भगवंतानं तीन पावलं टाकली म्हणून. पुरुषांच्या वॉर्डाचा हंडा, बायकांच्या वॉर्डाचा हंडा. ज्यांच्यासाठी ही खटपट झाली त्या शेषम्मांनी मात्र त्या पाण्याचा थेंब घेतला नाही. "पळीनं काय होतंय!" म्हणून त्यांनी घरून पाण्याचा कूजा मागवायला सुरुवात केली. ठराव रद्द करायचं कुणाला सुचलं नाही. कमिटीत ठराव जन्माला येत, मरत नसत.

ही गोष्ट एकसष्ट साली थैमध्ये, पोंगलच्या महिन्यात, सुरू झाली. तेव्हा विहिरीला पाणी भरपूर होतं. चित्रैचा उन्हाळा लागला आणि विहीर तळाला गेली. विहिरीच्या कठड्याला लागूनच धोब्याचा दगड. वॉर्डातल्या चादरी तिथंच आपटल्या जात. जयतीर्थाचा पोहरा आता गढूळ पाणी वर आणी, आणि तो ते धोतराच्या पदरातून गाळून घेई. धोतर सोवळ्याचं असल्यामुळे प्रश्न मिटला.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी पुरुषांच्या वॉर्डातल्या दोघांना जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत पाच जण झाले. तिसऱ्या दिवशी सहा पुरुष, तीन बायका. वेंकूबाईनं पदर खोचला, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिली, सलाईनच्या होत्या नव्हत्या त्या बाटल्या काढल्या. आठ जण तगले. नववे होते सुब्रमण्यम, ओरत्तनाडूच्या शाळेतले ड्रिल मास्तर. हर्नियाचं ऑपरेशन उत्तम झालेलं, टाके निघालेले, सोमवारी घरी जायचे होते. खाटेवर पडल्या पडल्या ते शेजारच्या रोग्यांना "वलदु, इडदु" म्हणत उजवा-डावा पाय हलवायला लावत. वेंकूबाईच्या खतावणीत ज्यांच्या दोन्ही बाजू जुळत अशी चार-पाच पानं होती, त्यातलं एक त्यांचं. रविवारी दुपारी सुब्रमण्यम गेले. वय बावन्न.

त्या संध्याकाळी वेंकूबाई बाकावर बसली आणि तिनं खाटांचा हिशेब मांडला. पुरुष सहा. बायका तीन. पहिल्या नंबरच्या खोलीत शेषम्मा ठणठणीत. आणि अंगणापलीकडे बाळंतिणींच्या वॉर्डात सात बाया, सात तान्ही. त्यांपैकी एकीचंही पोट बिघडलं नव्हतं. पाणी एकाच चुलीवरचं, एकाच अलमेलुनं उकळलेलं. फरक एवढाच होता की बाळंतिणींच्या वॉर्डात बारा महिने सोयर. तिकडच्या हंड्याकडे जयतीर्थ मान वळवूनही बघत नसे.

विटाळानं चौदा जीव वाचवले होते. वेंकूबाईला हसू आलं, आणि मग आपण हसलो याचा राग आला.

सोमवारी कमिटी तातडीनं बसली. सीतारामरावांनी तक्त्यावर बोट ठेवलं. बोट अकराव्या ओळीवर आलं आणि तिथून आडवं सरकत नावावर थांबलं. किती सोपी पद्धत! ना चौकशी, ना विचार. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात तरी आधी संन्यासी शोधावा लागतो. इथं तो रंगवून ठेवलेला होता. पत्राचा मसुदा झाला. आयेनं कर्तव्यात कसूर करून पाणी न उकळल्यामुळे एक रुग्ण दगावला. शनिवारी ठराव करून तिला काढायचं आणि पत्र म्युनिसिपालिटीच्या हेल्थ ऑफिसरला पाठवायचं. पोलिसांना काय करायचं ते ते करतील.

अलमेलु वेंकूबाईच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसली. रडली नाही. निळा अंगठा मुठीत झाकून बसली.

"अम्मा, मी उकळलं. पिळ्ळैयारवर हात ठेवून सांगते."

"पिळ्ळैयारला मध्ये घालू नकोस बाई. त्याच्या पुजाऱ्याचीच तर ही करणी."

"मग पुजाऱ्याला सांगा ना."

सांगायला वेंकूबाई गेली. जयतीर्थ खोबरं खवत होता.

"जयतीर्था, तुझ्या पाण्यानं माणूस मेला."

"शिव शिव! अक्का, काय बोलता हे? पस्तीस वर्षं मी तेच पाणी पितोय."

"तुझं पोट त्याला सरावलंय. रोग्याचं नाही."

"मी सोवळ्यात होतो कीं नाही? होतो. धोतर ओलं होतं कीं नाही? होतं. मग माझ्याकडून चूक कोठें झाली ते सांगा."

त्याला खरंच कळत नव्हतं. त्याच्या पानावर वेंकूबाईनं 'भाबडा' लिहिलं आणि पुढं गेली. डॉक्टरांच्या पानाला ही सवलत नव्हती.

डॉक्टर गोपालकृष्ण कोट चढवून निघायच्या घाईत होते. संध्याकाळी त्यांचा स्वतःचा दवाखाना असे. तिनं खाटांचा हिशेब सांगितला. त्यांनी तो ऐकला, आणि आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट ऐकताना माणूस जशी मान हलवतो तशी मान हलवली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"वेंकूबाई, मला ठरावाच्या दिवशीच माहीत होतं. पण सेक्रेटरींच्या आत्या... आणि पळीभरच..."

"मग आता सांगा कमिटीला."

"सांगून काय होणार? अनुमोदन माझंच आहे." त्यांनी छातीवरचा स्टेथोस्कोप चाचपला, जणू आत काही चालू आहे का ते पाहत होते. "आयेला दुसरीकडे कुठं तरी मिळेल काम. मला या गावात दुसरं इस्पितळ नाही."

"खरंय. भांडी घासायची नोकरी कुणालाही मिळते. कणा नसलेल्या डॉक्टरला जागा मिळणं फार कठीण."

डॉक्टर रागावले नाहीत. रागवायलाही थोडा कणा लागतो.

शनिवारी चार वाजता बोंडे आले. सीतारामरावांनी लेखणीचं टोपण काढलं. वेंकूबाई नियमाप्रमाणे उभी होती. दाराबाहेर व्हरांड्यात अलमेलु दोन्ही मुलींना घेऊन बसली होती. ट्रंक बांधून तयार.

"एक विनंती आहे, राव," वेंकूबाई म्हणाली. "तक्त्यात एक ओळ राहिलीय. हेल्थ ऑफिसर यायच्या आत भरून घेऊ."

"कोणती?"

"अकरा-अ. पाणी उकळल्यावर त्याला हात लागणं."

लेखणी थांबली.

"तुम्ही पत्र पाठवलंत की ऑफिसर येणार. ते मला विचारणार, बाई, पाणी उकळल्यावर रोग्याच्या तोंडी जाईपर्यंत त्याला कुणाकुणाचा हात लागतो? मी मेट्रन, मला सांगावंच लागणार. मग ते म्हणणार, ही पळी कुणाच्या हुकमानं? ते म्हणणार, बाळंतिणी कशा वाचल्या?"

"बाळंतिणींचा काय संबंध?"

"तिकडे पळी जात नाही, राव."

सीतारामराव महसूल खात्यात मुरलेले होते. तहसीलदाराला पाण्याचं कळो न कळो, कागदाचं कळतं. त्यांचा चेहरा हळूहळू सदतिसाव्या ठरावाकडे वळू लागला.

"तुम्हाला पळीबद्दल बोलायची काय गरज?" ते म्हणाले.

"मी एकवेळ खोटं बोलेन. पण ठरावबुक तुमच्या अक्षरात आहे, आणि तुमचं अक्षर किती सुवाच्य! मांडणार, अनुमोदन, सगळं कसं लख्ख. नाव लिहिलं की निम्मा धोका जातो, आपणच म्हणाला होता. उरलेला निम्मा कुणाचा, तेही."

बोंड्याला कुणी हात लावला नाही. आणि मग, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, वेंकूबाईनं डॉक्टर गोपालकृष्णांना स्वतःहून बोलताना ऐकलं.

"मुळात," ते घसा खाकरून म्हणाले, "साथ होती असं म्हणता येईल का? उन्हाळा आहे. आंब्याचे दिवस. नातेवाईक फळं आणतात. आठ जण बरे झाले. बरा झालेला माणूस आजारी होता याला पुरावा काय?"

सीतारामरावांनी त्यांच्याकडे नव्यानं पाहिलं. "आणि तो ड्रिल मास्तर?"

"वार्धक्य."

"बावन्नाव्या वर्षी?" वेंकूबाईनं विचारलं. ती स्वतः एक्कावन्नची होती.

"अकाली वार्धक्य," डॉक्टर म्हणाले, आणि हा शब्द सापडल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर पसरलं. एवढी हुशारी या माणसात होती तर! ती रोग्यांवर कधी खर्च झाली नाही म्हणूनच शिल्लक राहिली होती.

पुढचं सगळं भराभर झालं. साथ नव्हतीच, म्हणून कसूर नव्हती. कसूर नव्हती, म्हणून अलमेलुवर पत्र नव्हतं. तिनं पाणी उकळलंच होतं, अंगठे साक्षीला होते. सदतिसाव्या ठरावाचं पान सीतारामरावांनी पट्टी लावून इतक्या सफाईनं कापलं की त्यांनी हे काम पूर्वीही केलेलं असावं. मग त्यांनी वॉर्डातल्या रोग्यांचा नवा कागद वेंकूबाईपुढं सरकवला. जुलाबाच्या नोंदी नसलेला.

"सही करा. आया राहील."

"आणि पळी बंद होईल."

"ते कसं शक्य आहे?" सीतारामराव खरोखर चकित झाले. "बंद केली तर लोक विचारतील, का बंद केली? तोच कबुलीजबाब नाही का? पळी चालूच राहिली पाहिजे. निदान वर्षभर."

वेंकूबाईनं दाराकडे पाहिलं. ट्रंकेवर धाकटी मुलगी झोपून गेली होती. वेंकूबाईनं सही केली. अलमेलुला आत बोलावून सीतारामरावांनी, कमिटीनं तुझ्यावर मोठी कृपा केली, असं सांगितलं. अलमेलुनं हात जोडले. मग उरलेले बोंडे खाल्ले गेले.

मंगळवारी सकाळी सुब्रमण्यम मास्तरांची मुलगी आली. शाळेच्या ऑफिसात द्यायला मृत्यूचा दाखला हवा होता. विशीतली पोर, बापासारखीच ताठ उभी राहणारी. तिनं कागद वाचला आणि परत वाचला.

"अक्का, वार्धक्य म्हणजे म्हातारपण ना?"

"हो."

"गेल्या पोंगलला अप्पा रस्सीखेचीत होते. मास्तरांचा संघ जिंकला."

वेंकूबाईनं दौतीला झाकण लावलं.

"शेजारच्या खाटेवरचे मामा म्हणत होते, पाण्यानं झालं. पाण्यानं झालं का, अक्का? तुम्ही तर होता तिथं."

उत्तर दोन शब्दांचं होतं. पण त्या दोन शब्दांमागं अलमेलुची ट्रंक होती, आणि त्या नव्या कागदाखाली वेंकूबाईची सही होती, डॉक्टरांच्या सहीच्या अगदी शेजारी.

"डॉक्टरांना विचार," ती म्हणाली.

पोरगी मान डोलवून निघाली. डॉक्टर अकराला येणार होते, आणि तिची ओरत्तनाडूची बस साडेदहाची होती. हे वेंकूबाईला ठाऊक होतं. ठाऊक असूनच ती तसं म्हणाली होती. तिच्या खतावणीत एक पान आजवर कोरं होतं, तिचं स्वतःचं; त्यावर उजव्या बाजूला पहिली नोंद पडली. डॉक्टरांच्या अक्षराशी ती नोंद इतकी जुळत होती की तिला शिसारी आली.

त्याच पावली ती पाण्याच्या हंड्यांपाशी गेली. जयतीर्थ ओलेत्यानं येत होता. पोहरा डाव्या हातात, पळी खुंटीवर. त्याचा हात पोहोचायच्या आत वेंकूबाईनं पळी काढली, शेजारून जाणाऱ्या झाडूवालीला थांबवलं, आणि बेडपॅन धुवायच्या फिनेलच्या बादलीत ती पळी बुडवून चांगली घोटली. पिठलं घोटतात तशी.

जयतीर्थ दोन पावलं मागं सरला. "अक्का! अय्यो! अक्का, ही... ही आता चिंचेनं घासली तरी... अग्नीत घातली तरी..."

"नाही शुद्ध व्हायची. माहीत आहे मला," वेंकूबाई म्हणाली. "पोहऱ्यानं ओतायचा विचार करू नकोस, हंड्याला मी आत्ताच त्याच हातानं शिवते." आणि ती शिवली. झाडूवालीनं फिदीफिदी हसत बादली उचलली.

जयतीर्थ तसाच ओलेत्यानं सेक्रेटरींच्या खोलीत धावला. दार उघडंच होतं. वेंकूबाई सावकाश मागून गेली.

"राव, नवी पळी पाहिजे! मेट्रनअक्कांनी पळी भ्रष्ट केली!"

सीतारामराव लाल झाले. "वेंकूबाई, हे काय? हा सरळ सरळ... मी लेखी खुलासा मागणार."

"मागा कीं. कोणत्या पळीचा लिहू?"

"कोणत्या म्हणजे? ठरावाप्रमाणे जी..." आणि ते थांबले.

"कोणत्या ठरावाप्रमाणे, राव?"

ठरावबुक टेबलावर होतं. छत्तिसाव्यानंतर अडतिसावा. पळी मंजूर करायची तर पळी कधी होती, हे लिहावं लागणार. वेंकूबाईला दोष द्यायचा तर तिनं काय बुडवलं, हे लिहावं लागणार. सीतारामरावांचा हात लेखणीवर गेला, तिथं थोडा वेळ राहिला, आणि परत आला. आयुष्यभर कागदानं माणसांना बांधलेल्या माणसाला स्वतःच कापलेल्या कागदानं बांधून घातलं होतं.

"जयतीर्था," ते शेवटी म्हणाले, "जा, सांबार बघ."

"पण राव, पळी..."

"कसली पळी? जा म्हणतो ना!"

पेंटर पुढच्या आठवड्यात आला. तक्त्यात चोविसावी ओळ चढली: 'फिनेलची बादली वाटेत ठेवणे. जबाबदार, मेट्रन.' धोका काय ते कुणालाच कळलं नाही. पुढच्या वर्षी सीतारामराव पुन्हा मद्रासला गेले आणि वर्षभरात एकही दुर्घटना न घडलेल्या इस्पितळाबद्दल तिथं पंचवीस मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या म्हणे.

वेंकूबाई रोज सकाळी चुलीपाशी उभी राहून पाणी उकळताना बघे. वीस मिनिटं झाली की अलमेलु रजिस्टर पुढं ओढी.

"अम्मा, आता तरी हा अंगठा कशाला?" तिनं एकदा विचारलं. "तुम्ही बघताच आहात."

"उठव," वेंकूबाई म्हणाली. "माझ्या सहीचा काही भरवसा नाही."